वीस मिनिटं

धरमपेठेत, कोचिंग क्लासच्या डोक्यावर, दुसऱ्या माळ्यावर.
चपला बाहेर. हात धुऊन या, अत्तर लावलं असेल तर पुन्हा धुऊन या.
पैसे शर्वीनं आधीच भरले होते, माझ्या रिटायरमेंटची भेट म्हणून.
"साडी दिली असती आत्या, तर तू कपाटात ठेवली असतीस."

एकतीस वर्षं मेडिकलमध्ये काढली.
साप म्हणजे मला दोन टिंबं,
घोट्याच्या वर, कधी अंगठ्याच्या बेचक्यात,
आणि तिथून चढत जाणारी सूज,
जिच्या काठावर मी बॉलपेननं रेघ ओढायची
आणि रेघेशेजारी वेळ लिहायची.
तो स्वतः कधी भेटला नाही.
सही तेवढी ओळखीची.

बाहेर मे महिना, पंचेचाळीस पार,
आणि आत प्रत्येक काचपेटीत ऊब द्यायला बल्ब!
"गच्चीवर का नाही नेऊन ठेवत?" मी म्हटलं.
"एसी आहे ना जी, म्हणून लागते," पोरगा म्हणाला,
छातीवर बिल्ला, प्रज्वल भोयर.
"नाग आहे का?"
"नाही जी. आपल्याकडचा एकबी नाही. ठेवताच येत नाही, कायदा आहे.
हे सगळे बाहेरचे."
घ्या. नागनदीचं गाव,
आणि नागालाच आत यायची सोय नाही.
आफ्रिकेचा अजगर, ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा,
एक ठिपक्यांची पाल, जिला शर्वी "किती गोड" म्हणाली.
घरी पाल दिसली की हीच पोरगी ओट्यावर चढते.

अजगराचं नाव इमरती.
गुंडाळी करून बसते म्हणून.
"वीस मिनिटं भेटतील मावशी. घाबरू नका."

वीस मिनिटं मला ठाऊक आहेत.
काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, उभी ठेवायची,
हलवायची नाही,
नातेवाइकांकडे बघायचं नाही,
वीस मिनिटांनी नळी तिरपी करायची.
गोठलं तर ठीक.
वाहिलं तर धावायचं.

इमरती मनगटावर आली तेव्हा
ओली असेल असं वाटलं होतं. कोरडी निघाली,
धुऊन वाळवलेल्या रबरी हातमोज्यासारखी.
जड. आणि निवांत.
कोल्ड कॉफीतला बर्फ विरघळत होता, शर्वी फोटो काढत होती,
आणि मला कुहीकडची ती बाई आठवली.
नवऱ्याला खाटेवर टाकलं, आणि माझ्या टेबलावर
जेवणाचा डबा ठेवला, तिहेरी, कडी लावलेला.
"यानंच चावलं सिस्टर, पाहून घ्या."
वरच्या पुडात नव्हता, मधल्यात होता,
डोकं ठेचलेला, अजून मऊ.
धामण.
डॉक्टर हसले, सलाइनवर ठेवा म्हणाले, सकाळी सुट्टी.
नवरा चहा मागू लागला.
बाई डबा घासून परत न्यायला थांबली होती.
मीच वॉर्डबॉयला सांगितलं, फेकून दे.
कुठे फेकली, विचारलं नाही.

बोटं सवयीनं नाडी शोधू लागली.
"तिथं नाही," प्रज्वल म्हणाला, "थोडं वर, मानेच्या खाली."
सापडली.
खवल्यांखाली काहीतरी उचललं जात होतं, पडत होतं.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजली.
पंधरा सेकंदांत नऊ.
लिहायला कागद नव्हता.
शर्वीनं विचारलं, "काय पुटपुटतेस?"
मी म्हटलं, "काही नाही, नॉर्मल आहे."

वेळ संपली तेव्हा ती सुटायला तयार नव्हती,
किंवा मी हात खाली केला नाही, कोण जाणे.
प्रज्वलनं शेपटीकडून उलगडत नेली,
बँडेज काढतात तशी, घाई न करता.
चांगला हात आहे पोराचा.

खाली आलो तर स्कूटीची सीट तव्यासारखी.
शर्वीनं ओढणी अंथरली. "आवडलं का?"
लक्ष्मीभुवन चौकापर्यंत मी बोलले नाही.
डाव्या मनगटावर, घड्याळाच्या वर,
एक पट्टा अजून थंड होता,
आणि माझ्याकडे बॉलपेन असतं तर
मी त्याच्या काठावर रेघ ओढली असती,
शेजारी वेळ, चार वाजून दहा.